यतीला लोखंडी मिशी?

पावसाळा आला की काही दोस्तांना गाडीला जाडजूड लोखंडी बंपर लावायची हुक्की येते. थारचं समजू शकतो, तिच्या बॉडीखाली स्वतंत्र, दणकट चासी असते. पण २०१० मध्ये लाँच झालेली, आपल्याच शेंद्र्यात जोडली गेलेली स्कोडा यती? तिची बॉडी हाच तिचा सांगाडा! अशा गाडीत प्लॅस्टिकचा बंपर म्हणजे नुसता मुखवटा. खरं काम त्यामागचा आडवा बीम आणि त्याला धरणारे क्रॅश बॉक्स करतात. धडकेत ते चुरगळतात, धक्का पितात. एअरबॅग कधी उघडायची, हे गणितही त्यावरच बेतलेलं.

वाळूजमधला फॅब्रिकेटर प्लेट अशी झकास वाकवून देईल की बघत राहाल. पण बॉक्स काढून ती थेट रेलवर बोल्ट केली, की धक्का सरळ केबिनमध्ये. वर पुढच्या स्प्रिंगवर फुकटचं वजन. आणि हो, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हैसमाळच्या घाटात मिरवायला हे जरा महागच. त्यापेक्षा तेवढ्या पैशांत चांगले टायर घ्या ना!