डब्यातले पाणी, यंत्रातले पाणी

लखनौच्या विकासनगरातल्या एका मराठी उपचारकाने विचारले आहे : कोलन हायड्रोथेरपीचे यंत्र घ्यावे, की एनिमाचा डबा पुरेल? यंत्राची चकचकीत माहितीपत्रके आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर पडून आहेत, म्हणून उत्तर जाहीरच देतो.

1946 च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, ते खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा उपचार मनात धरून. डबा त्यात बसतो. तीनेक फुटांवर टांगायचा, पाऊण-एक लिटर कोमट पाणी, रुग्ण डाव्या कुशीवर. पाणी मुख्यतः गुदाशय आणि आतड्याच्या डाव्या भागापर्यंत जाते, खडा मऊ होतो, वेग येतो. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. (आयुर्वेदातला बस्ती निराळा. तिथे काढा किंवा तेल हे औषध असते, धुणे नव्हे. ही गल्लत आपलेच लोक करतात.)

यंत्रात पाणी दुहेरी नळीतून आत-बाहेर खेळते. पाऊण तासात मिळून साठ लिटरपर्यंतसुद्धा. रुग्णाला मध्ये उठावे लागत नाही, दुर्गंधी नाही, पाण्याचा दाब आणि उष्णता डोळ्यांसमोर दिसते. ही सोय खरी आहे. मात्र जास्त पाणी म्हणजे जास्त ‘विष’ बाहेर, असे सांगून यंत्र चालवू नका. बद्धकोष्ठाची डोकेदुखी पोट साफ होताच उतरते. रक्तात विष भिनले असते तर ती इतक्या चटकन उतरली नसती, हे वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी 1919 सालीच मांडले होते.

आता नको असलेली गोष्ट. 1978 ते 1980 दरम्यान अमेरिकेत, पश्चिम कोलोरॅडोतल्या एका दवाखान्यात यंत्राने आतडी धुऊन घेतलेल्या निदान 36 जणांना अमीबाची लागण झाली. दहा जणांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढावे लागले, त्यांतले सहा दगावले. नेहमीची सफाई झाल्यावर यंत्रातले पाणी तपासले, तर त्यात विष्ठेतले जंतू भरपूर निघाले.

तेव्हा विकासनगरच्या मित्रांना उत्तर असे : साध्या बद्धकोष्ठाला डबा पुरतो, तोही रोज नव्हे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्ती मूळव्याध, आतड्याला सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर यंत्राला हात लावू नका आणि डबाही डॉक्टरांना विचारूनच. यंत्र घेणारच असाल, तर विक्रेत्याला किमतीआधी विचारा : कोणती नळी, कोणती तोटी एकदा वापरून फेकायची, आणि उरलेले यंत्र निर्जंतुक कसे करायचे?