हळहळ फुकट मिळते

गेले तीन शनिवार मी बाबांची चेतक खोलून बसलोय. १९९१ ची गाडी. सहा वर्षं कव्हरखाली नुसती उभी होती. टाकीतलं पेट्रोल उडून गेलं आणि मागे जो चिकट थर राहिला तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसला. जेट म्हणजे काय, तर जेमतेम सुईच्या टोकाएवढं भोक. ते बुजलं की किका मारून पाय मोडून घ्या, गाडी ढिम्म!

तर मी जेट पेट्रोलमध्ये बुडवून फुंकत असताना फोन टिणटिणला. कॉलेजच्या ग्रुपवर बातमी.. आमच्या कॉलेजजवळचा इराणी बंद झाला. पाच मिनिटांत रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. 'एका युगाचा अंत.' 'पुणं आता पुणं राहिलं नाही यार.'

मंडळी, एकच प्रश्न. तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात?

राग मानू नका, मी स्वतःपासून सुरुवात करतो. गेली दोन वर्षं मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जात होतो. आत दहा टेबलं असायची, त्यातली आठ रिकामी. शेठ गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले. आणि मी पुढच्या चौकात गाडी लावून अडीचशे रुपयांची कॉफी घ्यायचो, कारण तिथे एसी होता, वाय-फाय होतं. दोन वर्षांत मी त्या इराण्याला एका बनमस्क्याचा धंदा दिला नाही. मग आता माझ्या हळहळीची किंमत काय? शून्य.

हे आपल्याच ग्रुपचं दुखणं आहे असंही नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान १९१४ सालचं. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी पसरली आणि मावा केकसाठी ही गर्दी! नंतर ते पुन्हा उघडलंही. पण त्या गर्दीतले किती जण आदल्या महिन्यात केक घ्यायला आले होते, हा प्रश्न मला काही सोडत नाही.

'मॉलवाल्यांनी मारलं', 'बिल्डरने खाल्लं' हे म्हणायला सोपं आहे. बिल्डर असतातच. मोक्याचा कोपरा, जुनं भाडं, वर लाकडी जिन्याची इमारत.. अशा जागेवर डोळा कुणाचा नसतो? पण दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. इराण्यांची पुढची पिढी शिकली. इंजिनियर झाली, परदेशी गेली. पहाटे भट्टी लावायला उठून रात्री दहाला शटर ओढायचं आयुष्य त्यांना नको होतं. तुम्हाला हवंय? मला नकोय. म्हणजे जे काम आपण स्वतः मेलो तरी करणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाने करावं, का तर आपल्या आठवणी शाबूत राहाव्यात. वा रे वा!

आता कुणी म्हणेल, अरे पण बदल तर होणारच. अगदी मान्य. बजाजने २००९ साली स्कूटर बंद करायचं जाहीर केलं तेव्हाही लोक हळहळलेच. पण ऑइल मिसळलेलं पेट्रोल अर्धवट जाळून निळा धूर सोडणारी टू-स्ट्रोक गाडी मागे पडली हे चांगलंच झालं. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची चेतक रस्त्यावर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यावं. फक्त मग गळा काढू नये. आणि राहावंसं वाटत असेल तर हात काळे करावेत. मधला मार्ग, म्हणजे सोफ्यावर बसून फोटो पाठवणं, हा मात्र चक्क दांभिकपणा आहे.

जुनी वस्तू टिकवायला पैसे लागतात, वेळ लागतो आणि कंटाळा सोसावा लागतो. मी जेट साफ केलं तर कळलं पॉइंट गंजलेत. पॉइंट घासले तर क्लच केबल तुटली. रोमँटिक वगैरे यात काही नाही. गुडघे दुखतात.

बाबा वरून बघत होते. म्हणाले, "अरे, भंगारवाला चार हजार देत होता."

"मग दिली का नाहीत?"

"तू लहान असताना पुढे उभा राहायचास.." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

काल संध्याकाळी अकराव्या किकला गाडी सुरू झाली. दोन मिनिटं फटफटली, सोसायटीभर धूर केला आणि बंद पडली. पुढच्या शनिवारी परत बसणार.

त्याआधी सकाळी साडेसातला डेक्कनला गुडलकमध्ये. १९३५ पासून आहे, अजून उघडं आहे. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी रडके चेहरे टाकले त्या सगळ्यांना बोलावलंय. बिल प्रत्येकाने आपापलं द्यायचं. बघू किती येतात.