बासमती घेऊन कर्जतला

शनिवारी सकाळी कर्जतच्या चारफाट्यावर गाड्यांची रांग लागते. मुंबई-पुण्याची मंडळी फार्महाऊसवर निघालेली असतात आणि डिकीत दोन दिवसांचा संसार असतो: पाण्याचे कॅन, मसाला लावून ठेवलेलं चिकन, कोळसा, चिप्सची पाकिटं आणि बासमतीची पाच किलोची पिशवी. बाकी सगळं समजू शकतं. बासमती मात्र कमाल आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासून चालू आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 हे वाण तिथले, सह्याद्री हा संकरित भातही तिथलाच. त्याच भाताच्या शेतांकडे तोंड करून बांधलेल्या बंगल्यात पाहुणा उत्तर भारतातला तांदूळ शिजवतो आणि रविवारी संध्याकाळी कचऱ्याची पिशवी तेवढी मागे ठेवून जातो.

यात सगळा दोष पाहुण्याचा नाही. त्याने बाजारपेठेत जाऊन इथला तांदूळ मागितलाच, तर त्याला तो ओळखायचा कसा? वाणाचं नाव बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं असतं, तांदळाच्या पोत्यावर नाही. ज्या गावाच्या नावाने भात कोकणभर पेरला जातो, त्या गावात त्या नावाची एक किलोची पुडी सहज मिळू नये, ही व्यापाऱ्यांनी आणि शेतकरी गटांनी मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे. कडव्या वालाचंही तेच. बिरड्यासाठी जीव टाकणारे लोक पार्ल्यात वाल शोधत फिरतात आणि कर्जतला आल्यावर पनीर टिक्का मागवतात.

या मुलुखाला वाटसरूंकडून कमावणं नवं नाही. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे बोरघाट होता. 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग खुला होईपर्यंत प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावरून खंडाळा गाठत. मग गाडी थेट वर जाऊ लागली, पण चढ ओढायला कर्जतला जादा इंजिनं जोडावी लागत. त्या थांब्याने बटाटेवड्याला गिऱ्हाईक दिलं. दिवाडकरांचा वडा खिडकीतून घेतल्याशिवाय ज्यांचा पुण्याचा प्रवास पुरा होत नाही, अशा पिढ्या आहेत. खोपोलीत जुन्या महामार्गावर रमाकांतच्या वड्याने तेच केलं. महडच्या वरदविनायकापुढेही नारळ, दूर्वा आणि जास्वंदीच्या विक्रीवर घरं चालतात.

2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि थांबे बदलले. प्रवासी आता खालापूरच्या फूड मॉलवर उतरतो, मुंबईत मिळतो तोच बर्गर मुंबईपेक्षा महाग घेतो आणि पुढे जातो. खालापूर तालुक्यातून आपण गेलो, हे त्याला टोलनाका सांगतो.

वाटसरूला थांबवून त्याच्यावर जगणारी गावं इतरत्रही आहेत. स्वीडनमध्ये उल्लारेड नावाचं जेमतेम खेडं आहे. तिथे 1963 मध्ये सुरू झालेल्या एका स्वस्त दुकानाकडे आज वर्षाकाठी 40 लाखांहून जास्त गिऱ्हाइकं येतात, मुक्कामी राहून खरेदी करतात. आपल्याकडे तसं एकच अजस्र दुकान नको. फूड मॉलच्या रूपाने त्याची चव आपण घेतलीच आहे. पण स्वीडनच्या छोट्या गावात गेलेला मराठी पर्यटक कसा वागतो, ते पाहण्यासारखं आहे. तिथली सरकारी दारूची दुकानं शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतात, रविवारी उघडतच नाहीत. तो निमूटपणे शुक्रवारीच जाऊन येतो, छापील किंमत मोजतो. कर्जतला दुपारी शटर खाली दिसलं की हाच माणूस ‘या लोकांना धंदाच करायचा नाही’ म्हणतो आणि रानभाजीच्या वाट्यामागे दहा रुपये कमी करायला सांगतो.

त्या वाट्यामागे काय असतं? मे महिन्यात करवंदं, जांभळं. पहिल्या पावसाआधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. ठाकूर आणि कातकरी बायका पहाटे डोंगर धुंडाळून हे आणतात. शेवळांबरोबर त्या काकडंही देतात, कारण त्यांच्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. भाजी कशी निवडायची, किती उकडायची, हे सांगण्याचे त्या वेगळे पैसे घेत नाहीत. रिसॉर्टवाल्यांनी आठवड्याची भाजी वाशीहून न भरता यांतल्या चार टोपल्या रोज ठरल्या भावाने उचलल्या, तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि या बायकांनी बसायचं कुठे? 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचं सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि ठरलेली जागा यांची सोय केली. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला, असंही त्यात आहे. पण हाच कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही. स्टेशनच्या जिन्याशी टोपली मांडणाऱ्या बाईला त्याचा आधार मिळत नाही. तिला कोणीही कधीही उठवू शकतं. म्हणून कर्जत नगरपरिषदेने स्टेशनच्या हद्दीबाहेर, पण लोकलमधून उतरणाऱ्याच्या वाटेवरच, पावसात न गळणारी शेड आणि पाण्याचा नळ द्यावा. चारफाट्यावर, गाड्या थांबवता येतील अशा जागी, दुसरी शेड हवी.