मातीवाचून तालीम

गुजरातेत शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गास 'तालीम' म्हणतात. सुरत जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत जाऊन मोठ्या गुरुजींची चौकशी करावी, तो पुष्कळदा उत्तर मिळते की साहेब तालमीला गेले आहेत. मराठी कानास या उत्तराची प्रथम गंमत वाटते. आमच्याकडे तालीम म्हटली म्हणजे तांबडी माती, घामाने निथळणारी अंगे आणि लंगोट कसून स्वतः हौद्यात उतरणारा वस्ताद डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्द एकच, अरबीतून दोन्हींकडे आलेला. परंतु कामरेज येथे अशा एका तालमीत आम्ही सबंध दिवस बसून आलो, आणि तेव्हापासून आम्हांस राहून राहून वाटत आले आहे की दोन अर्थांपैकी मराठी अर्थच या कार्यास अधिक शोभला असता.

कामरेज हे सुरतेच्या ईशान्येस तापीकाठचे तालुक्याचे ठिकाण. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथेच तापी ओलांडतो. त्या महामार्गालगतच्या एका सभागृहात परिसरातील शिक्षक-शिक्षिका जमल्या होत्या. विषय होता कृतियुक्त अध्ययनाचा. मुलांना व्याख्यान देऊ नये, त्यांना हाताने करू द्यावे, विचारू द्यावे, चुकू द्यावे, हा त्याचा गाभा. आणि हा गाभा साधनव्यक्तींनी पडद्यावरची वाक्ये एकामागून एक वाचून दाखवीत, श्रोत्यांपैकी एकालाही तोंड उघडू न देता, सव्वादोन तास समजावून सांगितला. विसंगतीची जाणीव त्यांना नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. ते सद्गृहस्थ होते, आणि घड्याळाकडे पाहून मधूनमधून ओशाळल्यासारखे हसत होते. त्यांच्याही हाती वरून आलेला कागदच होता.

दुपारी एक बाई उठल्या. मागच्या रांगेत बसलेल्या, वयाने पन्नाशीकडे झुकलेल्या. त्यांनी विचारले, "साहेब, दिवाळीनंतर माझ्या वर्गात पडावावरची अकरा मुले आली आहेत. उन्हाळा लागला की निघून जातील. ती माझे बोलणे समजत नाहीत, मी त्यांचे समजत नाही. त्यांच्याकडून काय करून घेऊ?" साधनव्यक्तींनी कागद चाळला आणि नम्रपणे उत्तर दिले, "बेन, तो मुद्दा या सत्रात नाही." बाई खाली बसल्या. सायंकाळी हजेरीपत्रकावर सही करून त्याही इतरांप्रमाणे बस गाठावयास निघाल्या.

आमचे सारे म्हणणे त्या अकरा मुलांसंबंधी आहे.

दक्षिण गुजरातेत बारडोली, चलथाण, सायण, मढी, कामरेज असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाने हा मुलूख हिरवा झाला. तो ऊस तोडणारे हात बव्हंशी बाहेरचे: डांगाचे, तापी जिल्ह्याचे, तसेच आमच्या नंदुरबार-धुळ्याचे. नवरा-बायकोच्या जोडीस येथे 'कोयता' म्हणतात. माणसाची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी यातच सर्व काही आले. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडावयास दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात, शेताच्या कडेला पाल ठोकतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरे अर्थात बरोबर. म्हणजे शाळेचे वर्ष मधोमध चिरलेले. गावच्या शाळेत नाव पटावर राहते आणि मूल नसते. कामरेजकडच्या शाळेत मूल येते, आणि आले तरी नाव कोठे लिहावे असा प्रश्न पडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा मुलास एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क दिलेला आहे आणि दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारू नये असेही स्पष्ट म्हटले आहे. कायदा चांगला आहे. परंतु कायद्याने दारातून आत आलेल्या मुलाशी पहिल्या दिवशी काय बोलावे, हे बाईंना कोण सांगणार?

आणि गोष्ट बोलण्याचीच आहे. नंदुरबार-धुळ्याकडून आलेले मूल अहिराणी नाही तर भिल्ली बोलते. डांगाचे मूल डांगी अथवा कुकणा बोलते. त्याला गुजराती येत नाही, आणि मुंबईपुण्याच्या वाचकांचा समज काहीही असो, पुस्तकी मराठीही येत नाही. सुरत शहरात महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. उसाच्या फडाशेजारची गावशाळा गुजराती. आता पाहा: मराठी म्हणते 'आहे', गुजराती म्हणते 'छे', आणि अहिराणी म्हणते 'शे'. अहिराणी मुलाचा 'शे' आणि बाईंचा 'छे' यांच्यात एका अक्षराचे अंतर आहे! हे कोणी त्या बाईंना सांगितले असते, दोन्ही बोलींतील शंभर-दीडशे रोजचे शब्द शेजारी शेजारी मांडून दाखविले असते, तर अकरापैकी काही मुले त्याच आठवड्यात बोलू लागली असती. त्यास पडदा लागत नाही की यंत्र लागत नाही. पडावावरची एखादी आजी आणि एक फळा पुरे.

आमच्या कोकणी वाचकांस याची फोड करून सांगण्याचे प्रयोजन नाही. घरी 'आसा' म्हणणाऱ्या पोराने शाळेच्या उंबऱ्यावर 'आसा' ठेवून आत 'आहे' घेऊन जावे, हा अनुभव गोव्यातील कित्येक पिढ्यांचा आहे. त्यावरून जे वाद झाले, १९८७ चा राजभाषा कायदा होईपर्यंत आणि त्यानंतरही, ते येथे उकरण्याची आमची इच्छा नाही. या नियतकालिकाची दोन्ही भाषांतील पाने एकमेकांस चिकटून निघतात हेच आमचे उत्तर. परंतु डांगचे कुकणा लोक आपले पूर्वज कोकणातून आल्याचे परंपरेने सांगतात, हे मात्र सहज नमूद करून ठेवतो. कामरेजच्या उसात वाकलेल्या त्या माणसांशी आपले नाते आपण समजतो त्याहून जवळचे असू शकेल.

आता शासनकर्त्यांकडे वळू. तालमी कमी पडतात असे कोणी म्हणू नये. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात प्रत्येक शिक्षकास पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्षाला निदान पन्नास तास सांगितले; पाच वर्षांचे अडीचशे तास होतात. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. २०१९ च्या ऑगस्टात 'निष्ठा' नावाची मोहीम निघाली, तिचे लक्ष्य सुमारे बेचाळीस लाख शिक्षकांचे. पुढे महामारी आली आणि ती मोहीम 'दीक्षा' या संगणकीय व्यासपीठावर गेली. घरोघर शिक्षकांचे भ्रमणध्वनी आवाज बंद करून चित्रफिती दाखवीत राहिले, आणि स्वयंपाक आटोपून आलेल्या बाईंनी शेवटची प्रश्नावली भरून प्रमाणपत्र उतरवून घेतले. निष्ठा आणि दीक्षा! नावे ठेवणाऱ्यांची संस्कृतची तालीम चांगली झालेली दिसते.

दोष तासांचा नाही, दिशेचा आहे. दिल्लीत एकजण शिकतो, तो गांधीनगरच्या दहांना शिकवितो, ते जिल्ह्याच्या शंभरांना, ते तालुक्याच्या हजारांना. डोंगरमाथ्यावरून सोडलेले पाणी पायथ्याशी पोहोचेपर्यंत जमिनीत मुरावे, तसा विचार वाटेत मुरतो आणि कामरेजला नुसता ओलसर कागद पोहोचतो. उलट्या दिशेने मात्र काहीच चढत नाही. बाईंचा प्रश्न सभागृहातून जिल्ह्याला गेला नाही, जिल्ह्यातून गांधीनगरला जाण्याची तर गोष्टच नको. ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरात सरकारने शिक्षकांचे 'सज्जता सर्वेक्षण' योजिले. शिक्षकांस कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे ते कळावे, हा हेतू सांगितला गेला; साधन म्हणून योजिली ती प्रश्नपत्रिका. शिक्षक संघटनांतून विरोध झाला, अनेकांनी बहिष्कार घातला, आणि वृत्तपत्रांतून शिक्षकांची थट्टाही झाली की परीक्षा घेणारे परीक्षेला भितात. आम्हांस त्या थट्टेत भाग घ्यावासा वाटत नाही. माणसास काय हवे हे जाणण्याचा सरळ मार्ग त्याला विचारणे हा आहे.

याच भूमीत याहून वेगळे घडलेले आहे, म्हणून आमचा राग अधिक. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि पुढे त्याच्या जोडीला अध्यापनमंदिर चालविले: शिकणाऱ्या शिक्षकांच्या समोर मुले, आणि मुलांच्या समोर गिजुभाई. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक गेल्या. मुंबईची ही मराठी विदुषी गुजरातेत राहिली आणि गिजुभाईंच्या बरोबरीने गुजराती 'शिक्षणपत्रिके'चे संपादन करू लागली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षाकेंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारल्यांची मुले गुरे राखावयास जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसून आले तेव्हा या बायांनी उपस्थितीवर परिपत्रक काढले नाही. त्या कुरणात गेल्या. गुरे चरत असता शाळा भरू लागली; तिला 'कुरणशाळा' असे सरळ नावच पडले. तेथे जो शिक्षक शिकला तो मातीत उतरून शिकला, वस्तादासकट.

कोणी म्हणेल, अहो, शिक्षकच आळशी. ते तालमीला येतात ते शाळा चुकविण्यासाठी आणि जेवणासाठी. असेही शिक्षक आहेत, आम्ही त्या सभागृहात त्यांना डुलक्या घेताना पाहिले. परंतु ज्या वर्गात शिक्षक झोपतो त्या वर्गाविषयी आपण काय म्हणतो? मुले झोपली तर दोष शिक्षकाचा, आणि शिक्षक झोपले तर दोषही शिक्षकाचाच, हा न्याय अजब आहे. अशा वर्गांतून चांगल्या गोष्टी मिळतच नाहीत असेही नाही; गणिताच्या वस्तू, वाचनाची पुस्तके, कधी एखादा खरोखर जाणता मार्गदर्शक. आमचा आग्रह इतकाच आहे की तालुक्याच्या तालमीचा विषय तालुक्याने ठरवावा, आणि पन्नास तासांपैकी निम्मे तास शाळेतच, मुले वर्गात बसलेली असता, दुसऱ्या शिक्षकाच्या डोळ्यांदेखत जावेत. साधनव्यक्तींनी आधी त्या अकरा मुलांना एक धडा शिकवून दाखवावा, मग बोलावे. नंदुरबारचे दोन शिक्षक हंगामात कामरेजला यावेत आणि कामरेजच्या बाईंनी पावसाळ्यात एकदा नंदुरबारला जाऊन तीच मुले त्यांच्या गावच्या शाळेत पाहावीत. दोन राज्यांच्या शिक्षणखात्यांनी यासाठी एकमेकांस पत्र लिहावे लागेल, ही अडचण आम्ही जाणतो. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली. मुकादमाला त्याची अडचण आजपर्यंत आलेली नाही.

दिवाळी आटोपली की तापीच्या अलीकडे-पलीकडे पाले पुन्हा पडतील. मागील वर्षीच्या अकरांपैकी काही मुले पुन्हा त्याच शेतावर येतील, काही दुसऱ्या कारखान्याकडे जातील, दोन-तीन आता कोयता उचलण्याएवढी झाली असतील. बाई वर्गात असतील, जर त्या आठवड्यात तालीम नसेल तर.