‘गॅरेजमें बैठेगा’ ही धमकी बंद करा

“नहीं पढेगा तो गॅरेजमें बैठेगा.”

आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात हे वाक्य बोललं जातं. अम्मी बोलते, दादा बोलतात, शेजारचे चाचा बोलतात. वर्गात शिक्षकही बोलतात. मीसुद्धा शेकडो वेळा बोललो आहे. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने निबंध लिहून आणला नव्हता. नेहमीच्या सवयीने मी त्याला तेच सुनावलं. तो उभा राहिला, मान खाली घातली आणि म्हणाला, “सर, मेरे अब्बा गॅरेजमेंच बैठते.”

वर्ग हसला. मी पुस्तक उघडून पुढचा धडा सुरू केला.

शरम वाटली ती संध्याकाळी. कारण शाळेतून घरी येऊन मी रोजच्यासारखा जुने कपडे घातले आणि अंगणातल्या मोटारसायकलीपाशी जाऊन बसलो. हात काळे झाले. जे काम मी शौक म्हणून करतो, ज्याचे फोटो नातेवाइकांना कौतुकाने दाखवतो, तेच काम करून घर चालवणाऱ्या माणसाला मी त्याच्याच मुलासमोर शिवीसारखं वापरलं होतं.

माझा शौक आधी सांगतो, कारण त्यावरूनही आपल्याकडे बरंच ऐकावं लागतं. मी जुन्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली पुन्हा चालत्या करतो. सध्या माझ्याकडे दिग्रसच्या मामूंची १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. कापसाच्या पैशातून त्यांनी ती घेतली होती. मामू गेल्यावर ती बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी बारा वर्षं पडून होती. टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचं घर, इंजिन जाम.

ज्यांचं तारुण्य ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना या गाड्यांबद्दल काही सांगायची गरज नाही. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रावर राजदूत ३५० आणली. मग दोन-तीन वर्षांतच इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज रस्त्यावर आल्या. आरएक्स १०० आली १९८५ मध्ये. इंजिन अवघं ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, पण गाडी इतकी हलकी की तेवढ्यात ती मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकायची. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज चांगल्या अवस्थेतली आरएक्स विकत घ्यायला निघालात तर किंमत ऐकून घाम फुटेल.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप मला एका जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरच ऐकावा लागला. हा इसराफ आहे, फिजूलखर्ची आहे, या पैशात एखाद्या गरिबाच्या मुलीचं लग्न झालं असतं. इसराफची मनाई मला मान्य आहे. पण मग हिशेब सगळ्यांचाच करू. चालती गाडी असताना हप्त्यावर दुसरी घेणं, वलीम्याला पाचशे माणसांचं ताट लावून निम्मं अन्न उकिरड्यावर टाकणं, दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणं, यांना कुणी पायऱ्यांवर अडवत नाही. फेकून दिलेली वस्तू पुन्हा कामाला लावणं मात्र इसराफ ठरतं! प्रेषित मुहम्मद (स.) आपली चप्पल स्वतः सांधत आणि कपड्याला स्वतः ठिगळ लावत, हे हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत आलेलं आहे. ही रिवायत आपण मुलांना साधेपणाची शिकवण म्हणून सांगतो. ती दुरुस्तीचीही शिकवण आहे, हे का सांगत नाही?

दुसरा आक्षेप धुराचा आहे आणि तो खरा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं. त्यातलं थोडं न जळताच सायलेंसरमधून निघून जातं. शिवाय ऑइलही पेट्रोलबरोबर जळतं. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर या गाड्या बंद पडल्या त्या यामुळेच, आणि ते योग्यच झालं. म्हणून मी माझी आरएक्स रोज शाळेत नेत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी आर्णीपर्यंत जातो, चाळीसेक किलोमीटर. नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं आहे, ऑइलचा पंप नीट बसवला आहे, सायलेंसर मूळचाच ठेवला आहे. जे पोरं सायलेंसर कापून शब-ए-बरातच्या रात्री इबादतीच्या नावाने घराबाहेर पडतात आणि रस्त्यावर गाड्या उडवतात, त्यांचा आणि या शौकाचा काही संबंध नाही. दवाखान्यात पडलेल्या माणसाची झोप मोडून कुणाची मगफिरत होत नसते.

पण माझं खरं भांडण या दोन आक्षेपांशी नाही. ते त्या एका वाक्याशी आहे.

आपण ज्या जपानी गाड्यांवर जीव टाकतो, त्या कुणाच्या हातून आल्या ते पाहा. यामाहा, सुझुकी आणि होंडा या तिन्हींची मुळं जपानमधल्या हमामात्सु या एकाच शहराच्या परिसरात आहेत. तोराकुसु यामाहा दुरुस्तीची कामं करणारा कारागीर होता. १८८७ मध्ये त्याने हमामात्सुमधल्या एका प्राथमिक शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातूनच वाद्यांचा कारखाना उभा राहिला. यामाहाच्या टाकीवर आजही वाद्य सुरात लावायच्या तीन चिमट्यांचं चिन्ह असतं, ते त्यामुळे. त्या कारखान्याची पहिली मोटारसायकल आली १९५५ मध्ये. मिचिओ सुझुकी कापूस पिकवणाऱ्या घरातला. सुताराकडे उमेदवारी केली आणि १९०९ मध्ये हातमागांचा कारखाना काढला. कापूस पिकवणाऱ्या आपल्या यवतमाळला आणि मागावर जगणाऱ्या मालेगाव-भिवंडीला ही गोष्ट परकी वाटू नये. आणि सोइचिरो होंडा? लोहाराचा मुलगा. शाळा सुटल्यावर १९२२ मध्ये तो टोकियोच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागला. सुरुवातीला तर तिथे त्याच्याकडे मालकाचं मूल सांभाळायचंच काम होतं.

म्हणजे होंडा ‘गॅरेजमें बैठा’ होता. त्याच्या गावात माझ्यासारखा मास्तर असता तर त्याने होंडाचंच उदाहरण देऊन बाकीच्या पोरांना घाबरवलं असतं.

यावरून कुणी म्हणेल, मग शाळा सोडा आणि पाना धरा. नाही. होंडाची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे पिस्टन रिंगा बनवायच्या म्हटल्यावर त्याच्या रिंगा टिकेनात. धातूचं शास्त्र आपल्याला कळत नाही हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा कारखान्याचा मालक असूनही तो हमामात्सुच्या तंत्रशाळेत जाऊन वर्गात बसला. हात आणि पुस्तक एकत्र आले तेव्हा पुढचं घडलं. आपल्याकडे त्या दोघांमध्ये भिंत आहे, आणि ती भिंत बांधण्यात आम्हा शिक्षकांचा मोठा वाटा आहे.

वर्गातल्या त्या प्रसंगानंतर महिनाभराने माझ्या आरएक्सचा क्रँक आवाज करू लागला. क्रँकचं काम अंगणात होत नाही. मी मुद्दाम त्याच मुलाच्या वडिलांच्या गॅरेजवर गेलो. थोडं काम होतं, थोडी शरम होती. मुलाने घरी काही सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांनी स्टुल पुढे केलं, चहा मागवला.

मग तीन दिवस मी शाळा सुटल्यावर तिथे बसून त्यांचं काम पाहिलं. त्यांनी प्लग काढून फक्त रंग पाहिला. चॉकलेटी असेल तर ठीक, काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. क्रँकचे दोन भाग प्रेसवर वेगळे केले, नवा कनेक्टिंग रॉड बसवला, पुन्हा दाबून जोडले. मग तो जोड डायल गेजवर फिरवून पाहिला. त्या गेजचा एक काटा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. सुई दोन-तीन काट्यांपलीकडे हलली की तांब्याच्या हातोडीने एक ठोका, पुन्हा फिरवणं, पुन्हा ठोका. किती जोरात मारायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

मी विचारलं, “उस्ताद, बोअर कितने का है?” ते म्हणाले, “पचास. स्ट्रोकभी पचास.” दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या सरांना मी तेवढेच आकडे दिले. त्रिज्या २५, उंची ५०. त्यांनी फळ्यावर मांडलं : ३.१४ गुणिले २५ गुणिले २५ गुणिले ५०, उत्तर ९८,१२५ घन मिलिमीटर. म्हणजेच ९८ सीसी. दहावीच्या वर्गात वृत्तचितीचं घनफळ पाठ करून विसरणारी पोरं त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या बाकांवरून पुढे झुकली. त्यांच्यातली चार-पाच जण संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गॅरेजवर असतात, हे मला त्यानंतर कळलं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणतात. उर्दूत शिक्षकालाही उस्तादच म्हणतात. मी उर्दू शिकवतो, पण मला सगळे ‘सर’ म्हणतात. ‘उस्ताद’ हा शब्द आपण त्यांना देऊन टाकला आणि त्यातली इज्जत मात्र काढून घेतली.

काम झाल्यावर मी त्यांना म्हणालो की गाडीचे फोटो टाकणार आहे, सोबत तुमचं नाव लिहितो. ते हसले. “नाम रहने दो सर. मजदुरी में भाव मत करो, बस.”

हे वाक्य माझ्या शौकातल्या मंडळींनी भिंतीवर लिहून ठेवावं. ‘मेड इन जपान’ असा ठसा असलेल्या एका जुन्या सुट्या भागासाठी आम्ही हजारो रुपये न बोलता मोजतो. तो भाग बसवणाऱ्या माणसाशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. आता २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळ्या मालिकेचा नंबर मिळू शकतो. पहिल्यावहिल्या आरएक्सला तो मान २०३५ मध्ये मिळेल. लोखंडाला वारसा म्हणायला आपण शिकलो. ते लोखंड जिवंत ठेवणाऱ्या हाताला काय म्हणणार?

मी त्यांना विचारलं की हे काम मुलाला शिकवणार का. ते पटकन म्हणाले, “नहीं सर. उसको यहाँ नहीं बिठाऊंगा.” कमाई वाईट नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. मग का? त्यांनी उत्तर दिलं नाही. द्यायची गरजही नव्हती. उत्तर मी महिनाभरापूर्वी त्यांच्या मुलाला वर्गात देऊन बसलो होतो. तीस वर्षांचं हुनर त्या माणसाबरोबर संपणार आहे, आणि ते संपवणाऱ्यांत टू-स्ट्रोकवरची बंदी जितकी आहे तितकीच आपली जीभही आहे.

आता कुणी हुनराच्या नावाखाली दहा वर्षांच्या ‘छोटू’ला गॅरेजवर ठेवायचं समर्थन करू नये. चौदा वर्षांखालच्या मुलाची जागा शाळेतच आहे. कायदाही तेच सांगतो. मिस्त्रीचं कौतुक करायचं आणि त्याच्याकडे चहाचे पेले धुणाऱ्या पोराकडे पाहायचं नाही, हे ढोंग मला मान्य नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला दहावी पास लागतं. उर्दू माध्यमातून गेलेला मुलगा तिथे मराठी-इंग्रजी पुस्तकांपाशी अडतो. गॅरेजमध्ये त्याला ‘वायसर’ आणि ‘दस-बारह का पाना’ कळतो, पुस्तकातला शब्द कळत नाही. तो पूल बांधणं हे उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांचं काम आहे. ते आम्ही केलं नाही. धमकी देणं सोपं होतं.

म्हणून माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एवढंच सांगतो : हे वाक्य उद्यापासून बंद करा. पालकसभेत मिस्त्री आला तर त्याला मागच्या खुर्चीवर बसवू नका. एकदा त्याला वर्गात बोलवा, सिलिंडर घेऊन. आणि पालकांना सांगतो : पोराला दहावी पूर्ण करू द्या, मग त्याला हाताचं काम करावंसं वाटलं तर घराची इज्जत जाते असं समजू नका.

त्या मुलाची मी माफी मागितली. वर्गासमोर मागितली, कारण अपमान वर्गासमोर केला होता. यंदा तो दहावीत आहे. मागच्या आठवड्यात त्याने निबंध लिहून आणला. विषय होता ‘माझे वडील’. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या, त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या. ‘उस्ताद’ हा शब्द त्याने बरोबर लिहिला होता.