शाळा कोणाची?

शाळा विद्यार्थ्यांची, असे उत्तर तुम्ही तत्काळ द्याल. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी एका दूरच्या शाळेचा वृत्तान्त ऐका.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूवर नगराच्या पूर्व भागात, कमर्शियल ड्राइव्ह या गजबजलेल्या रस्त्यानजीक, ब्रिटानिया ही सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. ती १९०८ साली स्थापन झाली. हा परिसर बहुतांशी कष्टकऱ्यांचा. इटलीतून व चीनमधून आलेली कुटुंबे तेथे स्थिरावली. त्या भूमीचे मूळ रहिवासीही तेथे राहतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत शेजारच्या स्ट्रॅथकोना वस्तीतील कित्येक घरे नगरसुधारणेच्या नावाखाली पाडण्यात आली. तेव्हा रहिवाशांनी १९६८ साली आपली संघटना उभारली आणि उरलेली घरे वाचविली. आपल्या वस्तीत काय असावे हे आपणही सांगू शकतो, हा विश्वास अशा लढ्यांतूनच येतो.

या परिसराला ग्रंथालय हवे होते, पोहण्याचा तलाव हवा होता, खेळायला जागा हवी होती. हे सर्व शाळेपासून दूर कोठेतरी बांधता आले असते. तसे न करता ते शाळेच्या शेजारी, एकाच आवारात उभारले गेले आणि १९७६ साली ब्रिटानिया केंद्र सुरू झाले. माध्यमिक शाळा, प्राथमिक शाळा, तलाव, बर्फावर घसरण्याचे क्रीडागृह, सारे तेथे एकत्र आहे. (व्हँकूवरचा हिवाळा सौम्य व पावसाळी; त्यामुळे बर्फदेखील छपराखाली यंत्राने गोठवावे लागते!) केंद्राच्या कारभारात नागरिकांनी निवडून दिलेल्या मंडळाला स्थान आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते तेथील ग्रंथालय. ते नगराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा आहे आणि शाळेचेही ग्रंथालय आहे. दोन तुटपुंज्या संग्रहांपेक्षा एक भरलेला संग्रह बरा, हा हिशेब तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्याला कसलीही परीक्षा द्यायची नाही असा वृद्ध मनुष्य पुस्तकात गढून गेलेला मुलांच्या दृष्टीस पडतो. वाचनाविषयी माझी दहा व्याख्याने ते काम करू शकणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, परक्या माणसांची ये-जा असली की शिस्त मोडते. ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. वर्षानुवर्षे शाळेच्या किल्ल्या ज्याच्या खिशात होत्या, त्याला ती रात्री जागविते. मुलांची सुरक्षितता आणि अभ्यासाची शांतता यांना धक्का लागता कामा नये. तास चालू असलेला वर्ग हा वर्गच राहिला पाहिजे. शिवाय मालक अनेक झाले, की गळका नळ कोणी दुरुस्त करायचा, यावरही बैठका होतात. तरीही माझा कौल दार उघडण्याकडेच आहे. कारण ही शाळा सार्वजनिक आहे. तिचा खर्च लोकांच्या करांतून चालतो. ज्या गृहस्थाच्या घरी शाळेत जाणारे मूल नाही, तोही तो कर भरतो. त्याने संध्याकाळी तेथे येऊन एखादे पुस्तक मागितले, तर त्याला परका कसे म्हणावे?