चंपा आणि यवद्वीप : सागराने जोडलेले नाते

बृहत्तर भारताचा इतिहास सांगताना आपण बहुधा भारतातून पूर्वेकडे गेलेल्या जहाजांचेच स्मरण करतो. पूर्वेकडील राज्यांनी आपापसांत जोडलेल्या नात्यांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. चंपा, म्हणजे आजच्या मध्य व दक्षिण व्हिएतनामचा किनारा, आणि यवद्वीप, म्हणजे जावा, यांचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या नात्याचा आरंभीचा अध्याय वैराचा आहे. इ. स. ७७४ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या आक्रमकांनी चंपातील पो नगरचे मंदिर जाळले. राजा सत्यवर्म्याने ते ७८४ मध्ये पुन्हा उभारले. ७८७ मध्ये जावाच्या आरमाराने भद्राधिपतीश्वराचे मंदिर भस्मसात केले. दोन्ही राज्यांत शिवभक्ती रुजलेली असूनही हे घडले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही.

परंतु वैर कायम राहिले नाही. ९११ च्या न्हान बिएउ शिलालेखानुसार राजद्वार हा चंपाचा राजपुरुष राजाज्ञेने दोनदा यवद्वीपास गेला आणि त्याने तेथे ‘सिद्धयात्रा’ केली. ज्या भूमीतून अग्नी आला, तीच सव्वाशे वर्षांत यात्राभूमी झाली! याच लेखात शिवमंदिर आणि बौद्ध विहार या दोहोंच्या स्थापनेची नोंद आहे.

तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या सेना प्रथम चंपावर आणि १२९३ मध्ये जावावर चालून गेल्या. दोन्ही राज्ये त्यांना पुरून उरली. त्याच काळातील चंपाधिपती तिसरा जयसिंहवर्मा याची एक राणी, तापसी, ही जावाची राजकन्या होती. धर्माचे नाते असे रक्ताचेही झाले.

या इतिहासाला ‘भारताच्या वसाहती’ म्हणणे अज्ञानाचे ठरेल. संस्कृत भाषा आणि शिवोपासना येथून गेली. तिला आकार दिला तो चाम आणि जावी जनांनी. संस्कृतीचा खरा विजय तोच, जो दुसऱ्याला स्वतःच्या पायांवर उभा करतो.

मी सन येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या जतनकार्यात २०२० मध्ये अखंड वालुकाश्माचे नवव्या शतकातील शिवलिंग प्रकट झाले, तेव्हा काही दिवस अभिमानाचे उद्गार निघाले. अभिमान पुरेसा नाही. पो क्लाँग गराईच्या मंदिरात चाम हिंदू आजही काते उत्सव साजरा करतात. त्यांची भाषा व शिलालेख अभ्यासणारे तरुण आपल्या विद्यापीठांतून घडतील, तरच हे स्मरण सार्थ होईल.